सवडीची प्रयोगशाळा: विद्यार्थी घरी, शिक्षक दूर, तरीही खरं प्रॅक्टिकल

रात्रीचे साडेअकरा. दुसरी पाळी करून घरी आलेला एफ.वाय.बी.एस्सी.चा एक विद्यार्थी स्वयंपाकघराच्या दाराला कपड्यांचा चिमटा अडकवतो. चिमट्यात दोरा, दोऱ्याला लोखंडी नट. उकाडा आहे, घरातले झोपलेत, म्हणून पंखा चालूच आहे. त्या वाऱ्यानं नट सरळ रेषेत हलायच्या ऐवजी हळूहळू लंबगोल फिरायला लागतो. विद्यार्थी मन लावून मोजतोय. आपलं काही चुकतंय हे त्याला माहीत नाही, आणि सांगायला जवळ कोणी नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये हेच झालं असतं तर मी टेबलाशेजारून जाता जाता नुसतं म्हटलं असतं, "दोरा बघ रे." त्यानं वर पाहिलं असतं, नट थांबवला असता, पुन्हा सोडला असता. प्रॅक्टिकलमधलं बरंचसं शिकवणं अशा अर्ध्या अर्ध्या वाक्यांतून होत असतं. विद्यार्थी आपापल्या सवडीनं शिकतो तेव्हा सगळ्यात आधी हरवतं ते हेच अर्धं वाक्य. म्हणून घरी करायच्या ऑनलाइन प्रॅक्टिकल कोर्सची आखणी सांगणाऱ्या या लेखातली प्रत्येक पायरी एकाच प्रश्नाभोवती फिरते: चूक होईल त्या क्षणी मी तिथे नसणार, तर माझं अर्धं वाक्य तिथे आधीच कसं पोचवायचं?

उदाहरण मी भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं घेतलंय, त्यातही साध्या लंबकाचं, कारण तो प्रत्येकानं केलेला असतो. रसायन आणि जीवशास्त्राच्या शिक्षकांनाही बहुतेक पायऱ्या तशाच लागू पडतील. जिथे पडत नाहीत तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी १: प्रयोगांची यादी बाजूला ठेवा, हातांची यादी करा

आपल्या अभ्यासक्रमात प्रयोगांची नावं असतात. ऑनलाइन कोर्स आखायला बसलं की पहिला मोह होतो तो त्याच यादीतला एकेक प्रयोग घरी कसा करता येईल हे शोधण्याचा. मीही तसंच केलं होतं आणि त्यात एक आख्खी सुट्टी घालवली.

त्याऐवजी कागदावर हे लिहा: सत्र संपेल तेव्हा विद्यार्थ्याच्या हाताला काय यायला हवं? माझी यादी अशी झाली. मोजमापाचं साधन वापरण्याआधी तपासणं. एकच रीडिंग पाच वेळा घेऊन त्यातली तफावत बघणं. एक गोष्ट बदलताना बाकीच्या स्थिर ठेवणं. ग्राफ काढून स्लोपवरून, म्हणजे रेघेच्या चढावरून, उत्तर काढणं आणि ती रेघ शून्यातून का गेली नाही याचा विचार करणं. साधं सर्किट जोडणं आणि बिघडलं तर दोष शोधणं. आणि वही अशी लिहिणं की दुसऱ्याला ती वाचून तोच प्रयोग करता यावा.

आता प्रयोग निवडा आणि त्यांचे तीन ढीग करा. घरी करता येतात ते पहिल्या ढिगात: लंबक, स्प्रिंग, पाण्याचा अपवर्तनांक, ओहमचा नियम, एलईडीचा आलेख, गरम पाणी निवण्याचा वेग. फोटोइलेक्ट्रिक परिणाम किंवा किरणोत्सार असे घरी करताच येणार नाहीत ते दुसऱ्या ढिगात, म्हणजे सिम्युलेशनला (संगणकाच्या पडद्यावरचा नकली प्रयोग). आणि स्पेक्ट्रोमीटरसारखे, ज्यांचं उपकरण हाताळणं हाच प्रयोग आहे, ते तिसऱ्या ढिगात. त्यांच्यासाठी विद्यार्थ्याला दोन-तीन दिवस केंद्रावर बोलवावंच लागतं. हा तिसरा ढीग टाळू नका. स्पेक्ट्रोमीटरच्या टेबलाचे स्क्रू व्हिडिओ बघून कुणालाही फिरवता येणार नाहीत.

संख्या कमी ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात प्रॅक्टिकलचा १ क्रेडिट म्हणजे सत्राला ३० तास. दोन क्रेडिटचा कोर्स असेल तर ६० तास हातात आहेत. त्यात घाईनं बारा प्रयोग उरकण्यापेक्षा सात प्रयोग नीट आणि त्यातले दोन पुन्हा करून घेतलेले मला केव्हाही बरे वाटतात. अर्थात आपल्या विद्यापीठाचा किमान आकडा काय आहे तो आधी बघून घ्या.

पायरी २: पेटी

घरी पेटी पाठवून प्रयोग करून घेणं ही इंटरनेटच्या आधीची गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झालं, १९७१ मध्ये पहिली तुकडी शिकू लागली, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घरपोच प्रयोगसंच जायचे. त्यात मॅकआर्थरच्या आराखड्याचा हातात मावेल एवढा प्लॅस्टिकचा सूक्ष्मदर्शकही असे. टपाल आणि छापील पुस्तिका एवढ्यावर ते चाललं. आपल्याकडे तर अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंतून विज्ञान कसं उभं राहतं हे वर्षानुवर्षं दाखवलंय. तेव्हा साधनं स्वस्त आहेत म्हणून प्रयोग हलका होतो असं मनात आणू नका.

माझ्या पेटीत काय असतं: लहानमोठे दोन लोखंडी नट, तीन मीटर जाड सुती दोरा, लाकडी कपड्यांचे चिमटे दोन, शिंप्याची टेप, कोनमापक, ब्रेडबोर्ड (डाग न देता सर्किट जोडायची भोकांची पाटी), जोडायच्या वायरी, १००, ४७० आणि १००० ओहमचे रेझिस्टर, तीन रंगांचे एलईडी, साधा डिजिटल मल्टिमीटर, कडा चिकटपट्टीनं झाकलेला सीडीचा तुकडा. सीडीवरच्या दोन ओळींमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं, त्यामुळे हा तुकडा म्हणजे फुकटातली ग्रेटिंग, प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी. बॅटरी मी पाठवत नाही. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी तालुक्याच्या गावी मिळते, पार्सलमध्ये ती कशाला तरी टेकून उतरून जाते.

दोरा सुतीच का? नायलॉनचा दोरा ताणला की लांबतो, आणि आपण तर लांबीच मोजणार आहोत. मांजा अजिबात नको, बोटं कापतात.

पेटी बंद करायच्या आधी दोन कामं करा. एक, पेटीतल्या त्याच वस्तूंनी सगळे प्रयोग स्वतःच्या घरी, लॅबमधली एकही वस्तू न आणता करून बघा. मी पहिल्यांदा केले तेव्हा लक्षात आलं की मल्टिमीटरच्या जाड टोकांनी ब्रेडबोर्डच्या भोकात स्पर्शच होत नाही, मधे वायरचा तुकडा धरावा लागतो. ही गोष्ट लॅबमध्ये कधी जाणवलीच नव्हती, कारण तिथे आमचे लॅब असिस्टंट टोकांना वायरचे चिमटे जोडून तयार ठेवायचे. दोन, झाकणाच्या आत सगळ्या वस्तूंचा फोटो चिकटवा. विद्यार्थ्याचं पहिलं काम हेच: पेटी उघडायची, तशाच वस्तू मांडायच्या, फोटो काढून पाठवायचा. काय कमी आहे, काय फुटलंय हे पहिल्या आठवड्यातच कळतं. तिसऱ्या प्रयोगाच्या आदल्या रात्री कळून उपयोग नसतो.

मोबाइलही एक उपकरण आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे फुकट अ‍ॅप फोनमधल्या सेन्सरांची रीडिंग दाखवतं. त्यातलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच मला फार आवडतं. एका आवाजाला ते सुरू होतं, दुसऱ्याला थांबतं. टेबलाच्या कडेवरची पट्टी टक्कन उडवून तिच्यावरचा नट खाली पाडला की पडण्याचा काळ मिळतो. दीड मीटरवरून सुमारे ०.५५ सेकंद यायला हवा. पण प्रत्येक फोनमध्ये प्रत्येक सेन्सर नसतो, म्हणून फोनवाचून करता येईल असा दुसरा मार्ग प्रत्येक प्रयोगात ठेवा. फोन घरात एकच असतो, तोही वडिलांबरोबर बाहेर जातो, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखा.

पायरी ३: सुरक्षितता, आणि इथे तडजोड नाही

घरच्या वीजजोडणीला, म्हणजे भिंतीतल्या प्लगला, काहीही जोडायचं नाही. सगळं बॅटरीवर. लेझर पॉइंटर नको, डोळ्याचा प्रश्न आहे. ग्रेटिंगला एलईडी पुरतो. रसायनशास्त्रात तीव्र आम्ल किंवा अल्कली पाठवायचं नाही, व्हिनेगर, लिंबू, खाण्याचा सोडा, जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क, हळद यांवर आम्ल-अल्कलीचं पुष्कळ काही शिकवता येतं. आणि घरात असतातच म्हणून स्पष्ट लिहा: संडास धुवायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. सूक्ष्मजीव घरी वाढवायला देऊ नका. पेशी बघायच्या असतील तर कांद्याचा पापुद्रा आहे, आणि मनु प्रकाश व जिम सिबुल्स्की यांचा फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक आहे, जो १४० पट मोठं दाखवतो.

हे सगळं एका पानावर लिहून विद्यार्थ्याकडून त्याच्या शब्दांत परत लिहून घ्या. नुसती "वाचले" अशी खूण पुरेशी नाही. घरात लहान मूल असेल तर नट, एलईडी, बॅटरी कुठे ठेवणार हेही त्यानंच लिहायचं.

पायरी ४: सूचनापत्र आणि व्हिडिओ

माझा पहिला व्हिडिओ अठ्ठावीस मिनिटांचा होता. थिअरी, सूत्राची सिद्धता, मांडणी, रीडिंग, ग्राफ, सगळं एकात. विद्यार्थी तो एकदा बघायचे आणि प्रयोग करताना काहीच आठवायचं नाही. आता एका प्रयोगाला चार-पाच व्हिडिओ असतात, प्रत्येक दोन ते तीन मिनिटांचा, आणि प्रत्येकात हाताचं एकच काम.

चित्रीकरण खांद्यावरून करा, म्हणजे पडद्यावर आपले हात विद्यार्थ्याच्या हातांसारखे दिसतात. समोरून घेतलं की डावं-उजवं उलटं होतं आणि सर्किट जोडताना घोळ होतो. लॅबमधला स्टँड न वापरता दाराची चौकट आणि चिमटाच वापरा. बोली मराठी ठेवा, पण ऑसिलेशन, स्लोप, एरर हे शब्द तसेच राहू द्या, परीक्षेत आणि पुस्तकात तेच भेटणार आहेत. हलक्या दर्जाची डाउनलोड करता येणारी प्रतही ठेवा, डेटा पॅक सगळ्यांकडे सारखा नसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: चुकाही दाखवा. नट लंबगोल फिरतोय, दोरा चिमट्यातून सरकतोय, विद्यार्थी सोडतानाच "एक" म्हणतोय. दहा दहा सेकंदांचे असे तुकडे मुद्दाम काढा. बरोबर कृती बघून मुलांना आपलं चुकलंय हे कळत नाही. चुकीचं रूप डोळ्यांसमोर असेल तर कळतं.

सूचनापत्रात ठरावीक ठिकाणी ठळक "थांबा" लिहा. लंबकाच्या पत्रातला एक तुकडा जसाच्या तसा देते:

"चिमटा चौकटीला घट्ट बसवा. दोरा चिमट्याच्या दातांत पकडा, गाठ मारून लोंबकळवू नका. लांबी मोजायची ती दातांच्या खालच्या कडेपासून नटाच्या मध्यापर्यंत. पंखा बंद करा. नट बाजूला घ्या, दोरा उभ्या रेषेपासून दहा अंशांहून जास्त नको. ढकलू नका, नुसता सोडा. थांबा: दोरा एका रेषेत हलतोय का? समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून बघा. फिरत असेल तर थांबवून पुन्हा सोडा. आता नट मधून उजवीकडे जाताना 'शून्य' म्हणा आणि घड्याळ सुरू करा. पुन्हा मधून उजवीकडे जाईल तेव्हा 'एक'. 'वीस'ला घड्याळ बंद."

फिरणं काही केल्या थांबत नसेल तर दोऱ्याची दोन टोकं दोन चिमट्यांत धरून इंग्रजी व्ही आकार करायला सांगा. नट एकाच प्रतलात हलतो. तेव्हा लांबी मात्र तिरक्या दोऱ्याची नाही, चिमट्यांच्या पातळीपासून नटाच्या मध्यापर्यंतची उभी मोजायची.

पायरी ५: टेप आधी तपासा

ही छोटी पायरी मी प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यात देते. ए-फोर कागदाची लांबी २९.७ सेंटिमीटर असते. पेटीतल्या टेपनं ती मोजा. शिंप्याची टेप वापरून ताणलेली असेल तर २९.४ येतात. तीन मिलिमीटर म्हणजे एक टक्का, आणि तोच एक टक्का पुढे g च्या, म्हणजे लंबकावरून काढायच्या गुरुत्वत्वरणाच्या, उत्तरात जसाच्या तसा उतरतो. साधनावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही हे इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठेच शिकवता येत नाही.

पायरी ६: आधी अंदाज, मग रीडिंग, आणि प्रत्येकाला वेगळी लांबी

रीडिंगचा फॉर्म उघडण्याआधी एक प्रश्न: लांबी चौपट केली तर एका आंदोलनाचा काळ किती पट होईल असं वाटतं? आणि नट जड घेतला तर? उत्तराला गुण नाहीत, पण लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. ज्यानं "चौपट" लिहिलं आणि नंतर दुप्पट बघितला, त्याला वर्गमूळ विसरता येत नाही.

लांब्या प्रत्येकाला वेगळ्या द्या. रोल नंबरचा शेवटचा अंक घ्या आणि तेवढे सेंटिमीटर २०, ४०, ६०, ८० आणि १०० मध्ये मिळवा. रोल नंबर ३७ असेल तर २७, ४७, ६७, ८७, १०७. शेजारच्या नंबरची वही उतरवता येत नाही, आणि याचा एक सुंदर फायदा पुढे पायरी ९ मध्ये होतो.

पायरी ७: कच्ची वही हीच खरी वही

जर्नल ही आपल्याकडे सुबक अक्षरात, नंतर बसून उतरवायची वस्तू झाली आहे. ऑनलाइन कोर्सात मी सुबक जर्नल मागतच नाही. मागते ती कच्ची वही: पेननं लिहिलेली, खोडरबर नाही, चुकलेलं रीडिंग एका रेघेनं कापलेलं पण वाचता येणारं, शेजारी कारण. त्या पानाचा फोटो प्रयोग झाल्या झाल्या, आकडेमोड करण्याआधी चढवायचा. सोबत मांडणीचा एक फोटो आणि वीस सेकंदांचा व्हिडिओ, ज्यात लंबक हलतोय आणि विद्यार्थी मोठ्यानं मोजतोय. त्या वीस सेकंदांत मला निम्म्या चुका दिसतात.

पहिल्या वर्षी मी फक्त शेवटचं उत्तर मागितलं होतं. जवळजवळ सगळ्यांचं g बरोबर ९.८ आलं. मला त्याचं वाईट वाटलं, कारण दोऱ्यानं आणि नटानं सगळ्यांना ९.८ येतच नाही. आपल्याला चुकीचं उत्तर पाठवायची भीती वाटावी अशी व्यवस्था मीच केली होती. तेव्हापासून दहा गुणांपैकी उत्तराला एक. चार वहीला, तीन ग्राफला आणि दोन "माझं उत्तर असं का आलं" या परिच्छेदाला.

रीडिंग खरी आहेत का हे आकडे बघूनही कळतं. हातानं घड्याळ दाबताना दोन दशांश सेकंदांचा मागेपुढे फरक पडतोच. एक मीटरच्या लंबकाची वीस आंदोलनं सुमारे ४०.२ सेकंदांत होतात, पण पाच वेळा मोजलं तर ४०.०८, ४०.३१, ४०.१९ अशी पसरट रीडिंग मिळतात. पाचही वेळा ४०.१८ आलं असेल तर मी आरोप करत नाही. एवढंच लिहिते, "मला तुमचा सहावा प्रयत्न व्हिडिओवर बघायचाय."

पायरी ८: चुकीच्या उत्तराला ओळखणारा फॉर्म

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला, कारण हरवलेलं अर्धं वाक्य इथे परत मिळतं. प्रत्येक नेहमीची चूक उत्तरावर आपला ठसा सोडते. तो ठसा आधीच काढून ठेवला की रात्री बारालाही विद्यार्थ्याला नेमका प्रश्न विचारता येतो.

महाराष्ट्रात g चं मूल्य ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान आहे. आता बघा.

g १०.८ च्या आसपास आला, तर नट सोडतानाच "एक" म्हटलं गेलं. मोजली वीस, झाली एकोणीस. काळ पाच टक्क्यांनी कमी पडला आणि तो वर्गात जात असल्यानं g अकरा टक्क्यांनी वाढला. फॉर्म विचारतो: "घड्याळ सुरू केलंत तेव्हा तोंडानं कोणता आकडा म्हटला होता?"

८.९ आला तर एक आंदोलन जास्त झालं.

३९ आला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणं हेच पूर्ण आंदोलन धरलंय. काळ निम्मा, g चौपट. फॉर्म: "नट जिथून निघाला तिथे, त्याच दिशेनं जाताना परत आला का?"

९.४ ते ९.५ आला तर नट फार लांब नेऊन सोडला. तीस अंशांवरून सोडला तर काळ सुमारे १.७ टक्क्यांनी वाढतो आणि g ९.४६ च्या जवळ येतो. पण इथे फॉर्मनं लगेच निवाडा करू नये, ताणलेली टेपही उत्तर खाली ओढते. फॉर्म दोन्ही विचारतो: दोऱ्याचा कोन किती होता, आणि ए-फोर कागद किती भरला होता?

सगळ्यात गोड चूक लांबीची आहे. समजा विद्यार्थ्यानं नटाच्या मध्याऐवजी वरच्या कडेपर्यंत मोजलं आणि एक सेंटिमीटर कमी धरलं. २० सेंटिमीटरला g ९.३० येतो, १०० सेंटिमीटरला ९.६९. लांबी वाढेल तसं उत्तर सुधारतंय! फॉर्म इथे चूक सांगत नाही, ग्राफ काढायला सांगतो. लांबी आडवी, काळाचा वर्ग उभा. रेघ सरळ येते, स्लोप मीटरला सुमारे ४.०३ सेकंद-वर्ग, त्यावरून g अगदी बरोबर येतो, पण रेघ शून्यातून जात नाही, किंचित वरून जाते. ती का वरून गेली हे शोधताना विद्यार्थी पुन्हा पट्टी घेऊन नटापाशी जातो. तिथे त्याला स्वतःला सापडतं. लॅबमध्ये मी पाठीमागून बघून "मध्यापर्यंत मोज" असं सांगून टाकलं असतं आणि हा शोध त्याच्या हातून गेला असता.

साध्या गूगल फॉर्ममध्ये उत्तराप्रमाणे वेगळ्या भागाकडे पाठवायची सोय आहे. त्यासाठी "तुमचं g कोणत्या गटात बसतं?" असा पर्यायांचा प्रश्न ठेवायचा. मूडल ही ऑनलाइन वर्ग चालवायची प्रणाली असेल तर आणखी सोपं. प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. लागतो तो एक रविवार, ज्यात आपण बसून प्रत्येक चूक मुद्दाम करायची आणि काय उत्तर येतं ते लिहून ठेवायचं. ओहमच्या नियमासाठी माझ्या यादीत अकरा चुका आहेत. पहिला मान मल्टिमीटर करंटवर ठेवून तो बॅटरीला थेट लावण्याचा, आतला फ्यूज उडतो. त्या प्रयोगाच्या सूचनापत्रात पहिलं "थांबा" तिथेच आहे, आणि पेटीत एक जादा फ्यूज.

पायरी ९: एकमेकांपासून शिकणं, तेही सवडीनं

दोन गोष्टी चालतात. पहिली, सगळ्यांची रीडिंग एका शीटमध्ये. लांब्या वेगवेगळ्या असल्यानं वीस जणांच्या बॅचमध्ये सगळीकडे पसरलेले शंभर बिंदू होतात. प्रत्येकाला आपल्या पाच बिंदूंची रेघ तोकडी वाटलेली असते, आणि मग कुडाळ, कन्नड, गोंदिया, मडगाव इथल्या दारांच्या चौकटींवरून आलेले शंभर बिंदू एकाच रेघेवर येऊन बसतात. जो बिंदू बाहेर आहे त्याचा मालक स्वतःहून पुन्हा मोजतो. मला काही म्हणावं लागत नाही.

दुसरी, वह्यांची अदलाबदल. अ ची कच्ची वही ब कडे जाते. ब नं फक्त ती वाचून अ च्या लांबीवर प्रयोग करायचा आणि कुठे अडलं ते लिहायचं. "लांबी ६७" एवढंच लिहिलं असेल तर ब विचारतो, कुठून कुठपर्यंत? वही कशी लिहावी यावर मी केलेल्या कुठल्याही भाषणापेक्षा हा एक प्रश्न जास्त काम करतो.

पायरी १०: सिम्युलेशन कुठे आणि कधी

कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला फेट प्रकल्प उत्तम आहे, त्यातली बरीच सिम्युलेशनं मराठीतही आहेत. केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्स आहेत. शाळेच्या पातळीवर अमृता विद्यापीठ आणि सी-डॅक मुंबई यांच्या ओलॅब्स आहेत. मी ती दोन कामांना वापरते. घरी अशक्य असलेल्या प्रयोगांना, आणि घरच्या प्रयोगानंतर तुलनेला: सिम्युलेशनमधला लंबक दर वेळी तंतोतंत तोच काळ देतो, तुमचा का देत नाही? प्रयोगाआधी मात्र तेच सिम्युलेशन देऊ नका. गुळगुळीत रेघ आधी बघितली की मुलं आपली खडबडीत रीडिंग तिच्यावर बसवायला बघतात.

पायरी ११: प्रतिसाद आणि वेळापत्रक

सवडीनं म्हणजे कधीही नव्हे. दर दोन आठवड्यांना एक प्रयोग, आणि त्यात दोन टप्पे: पहिल्या रविवारपर्यंत कच्ची रीडिंग, दुसऱ्यापर्यंत ग्राफ आणि परिच्छेद. मधल्या आठवड्यात माझा प्रतिसाद. हा मधला प्रतिसाद नसेल तर बाकी सगळं असून नसल्यासारखं, कारण सुधारायची संधी उरलेली असतानाच सांगितलेलं उपयोगी पडतं. मी मिनिटभराचा आवाजी संदेश पाठवते, लिहिण्यापेक्षा लवकर होतो आणि विद्यार्थी तो प्रयोगासमोर उभा राहून ऐकू शकतो. एका शिक्षकाकडे वीसपेक्षा जास्त विद्यार्थी असतील तर हे जमत नाही, हे प्राचार्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रत्येकाला सत्रात दोन वेळा मुदतवाढ, कारण न विचारता. लावणी, लग्न, पाळीबदल, गेलेली वीज, याचे पुरावे मागण्यात कुणाचंच भलं नाही.

पायरी १२: परीक्षा

व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, मी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वहीतून घेते. "तुमच्या पान ९ वर चौथं रीडिंग कापलंय, का?" "६७ सेंटिमीटरला तुमची तफावत सर्वांत जास्त आहे, त्या वेळी काय वेगळं होतं?" असे तीन प्रश्न पाठवायचे, उत्तर तीन मिनिटांच्या एकसलग व्हिडिओत, वही हातात धरून. दुसऱ्याकडून प्रयोग करून घेतलेल्याला इथे बोलता येत नाही, आणि ज्याचं उत्तर ९.४ आलं पण ज्यानं मनापासून मोजलं त्याला बोलायला भरपूर असतं. शेवटी केंद्रावरच्या दिवसांत एक न बघितलेला छोटा प्रयोग: साधनं टेबलावर, सूचना चार ओळींच्या, वेळ दीड तास.

पेटी परत येते तेव्हा

पेट्या परत मागवा, पुढच्या बॅचला लागतात. वस्तू मोजून घ्या, मल्टिमीटरचा फ्यूज बघा, टेप पुन्हा ए-फोर कागदावर लावून बघा, ताणलेली असेल तर बदला. आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडून पुढच्यासाठी पेटीत एक चिठ्ठी ठेवून घ्या. त्या मी आता सूचनापत्रालाच जोडते. परवा उघडलेल्या पेटीतल्या चिठ्ठीवर निळ्या पेननं लिहिलं होतं: "मोठा चिमटा सैल आहे, दोन वेढे रबर लावा. आमच्याकडे रात्री एकनंतर वारा पडतो, तेव्हा १०७ चं रीडिंग छान येतं. पंखा बंद करायला विसरू नका."

मोठा चिमटा बदलून टाकला. चिठ्ठी तशीच ठेवली आहे.